एक पंप, चार टूल्स: आठवीच्या वर्गातल्या डिजिटल गोष्टींचा प्रकरण अभ्यास

विज्ञानाच्या बाईंना डिजिटल गोष्टींसाठी, म्हणजे मुलांनी संगणकावर चित्रं, आवाज, नकाशे वापरून सांगायच्या कथांसाठी, ‘चांगल्या टूल्सची यादी’ हवी होती. अशा याद्या इंटरनेटवर पायलीला पन्नास मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच शिळ्या असतात. फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारी टूल्स ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद पडली. विंडोज मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सोडून दिला. मुलांनी छोटे व्हिडिओ टाकायचं फ्लिप २०२४ मध्ये स्वतंत्र सेवा म्हणून गुंडाळलं गेलं. याद्यांमध्ये मात्र ही नावं अजून ठाण मांडून आहेत.

पण शिळेपणा हा यादीचा लहान दोष झाला. टूलमध्ये काय काय सोयी आहेत हे यादी सांगते, पण त्यात घातलेल्या गोष्टीला ते टूल कुठल्या बाजूला ओढेल, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. नकाशाचं टूल प्रत्येक गोष्टीला ठिकाणांची गोष्ट करतं, व्हिडिओचं टूल तिला हळवं करतं आणि वाचणाऱ्याला पुढची वाट निवडायला लावणारं पर्यायांचं टूल सगळा भार एका निर्णयावर टाकतं. एकाच विषयावर चार गटांनी चार प्रकारे काम केलं, म्हणून या वर्गात हे ओढणं फार स्पष्ट दिसलं. तेच इथे मांडतो आहे.

धडा आणि अडचण

इयत्ता आठवी, विषय दूषित पाण्यातून पसरणारे रोग. पाणी उकळून प्या, हात धुवा, साठवण झाकून ठेवा हे मुलांना तोंडपाठ होतं आणि चाचणीत गुणही पडत होते. बाईंना खटकत होतं ते वेगळंच. उत्तर सगळ्यांना माहीत, पण ते मुळात कुणी आणि कसं शोधलं, आणि समोर पुरावा असताना लोकांनी ते नाकारलं का, याचा कुणालाच पत्ता नव्हता. विज्ञान म्हणजे तयार उत्तरांचं गाठोडं, अशीच मुलांची समजूत होती.

म्हणून त्यांनी १८५४ सालची लंडनची साथ निवडली. निवड उत्तम होती, कारण या घटनेत गोष्ट आणि पुरावा एकमेकांत गुंतलेले आहेत. ३१ ऑगस्टच्या रात्री सोहो भागात कॉलरा अचानक भडकला. रोग घाणेरड्या हवेतून, दुर्गंधीतून होतो, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर आणि अधिकारी मानत. जॉन स्नो या डॉक्टरांचं मत निराळं होतं. रोगाचं विष पाण्यावाटे पोटात जातं, असं त्यांनी १८४९ मध्येच छापून मांडलं होतं. मृत्यूंच्या सरकारी नोंदी घेऊन ते घरोघरी फिरले, पाणी कुठून भरता हे विचारत गेले आणि बहुतेक धागे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपापाशी येऊन मिळाले. ७ सप्टेंबरला त्यांनी तिथल्या स्थानिक कारभाराच्या मंडळापुढे आपली बाजू मांडली आणि ८ तारखेला पंपाचा दांडा काढण्यात आला. या साथीत सहाशेहून अधिक माणसं दगावली.

या प्रकरणातली खरी गंमत अपवादांत आहे. पंपाच्या जवळच एक मोठं आश्रयगृह होतं. त्यात ५३५ गरीब माणसं राहत आणि त्यातली फक्त पाच गेली, कारण आश्रयगृहाची स्वतःची विहीर होती. रस्त्यावरच्या बीअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण त्यांना प्यायला बीअर मिळे आणि कारखान्यातही विहीर होती. याउलट दूर हॅम्पस्टेडच्या बाजूला, चांगल्या हवेत राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे, तिथल्या पाण्याची चव तिला आवडे, म्हणून रोज गाडीतून तिच्यासाठी बाटली जाई. तिच्याकडे आलेल्या भाचीनेही तेच पाणी प्यायलं आणि तीही गेली.

जवळ असून वाचलेले आणि लांब असून गेलेले, अशी दोन्ही माणसं हाताशी असली की आठवीच्या मुलांनाही पुराव्याचा अर्थ समजावता येतो.

चाळणी

शाळेत संगणक कक्ष होता, पण एका संगणकावर दोन-तीन मुलं बसत आणि नेटचा भरवसा नव्हता. शिक्षकांचे फोन वापरायला मिळणार होते. एवढ्या सामग्रीवर बाईंनी टूल्सना चार प्रश्न लावले. प्रश्न साधेच आहेत, पण बहुतेक टूल्स यातच गळतात.

पहिला प्रश्न लॉगिनचा. पुष्कळ ऑनलाइन टूल्सना खातं उघडायला किमान १३ वर्षं वय लागतं. १९९८ मध्ये अमेरिकेत झालेल्या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्यातून तो आकडा जगभर पसरला. आठवीच्या वर्गात काही मुलं तेराची असतात, काही नसतात. ‘जन्मसाल बदलून टाका’ हा सल्ला शिक्षकाने कधीच देऊ नये, पण तो सर्रास दिला जातो. बाईंनी ठरवलं की मुलांचं नाव किंवा ईमेल मागणारं टूल घ्यायचंच नाही. खातं लागलंच तर ते शिक्षकाचं असेल.

दुसरा प्रश्न देवनागरीचा. यासाठी त्यांनी एक वाक्य तयार ठेवलं होतं: ‘कॉलऱ्याच्या साथीत सृष्टीसारख्या मुलीही विद्यार्थ्यांबरोबर दृष्टीआड झाल्या.’ अर्थाच्या नावाने आनंद, पण चाचणी म्हणून वाक्य पक्कं आहे. ‘ऱ्या’ नीट येतो का, ‘र्थ्यां’मधला रफार आणि अनुस्वार जागेवर बसतात का, ‘सृ’ आणि ‘दृ’ तुटतात का, हे एका ओळीत कळतं. आणखी एक खाच इथे आहे. काही टूल्समध्ये पडद्यावर सगळं सुरेख दिसतं आणि व्हिडिओ किंवा पीडीएफ बाहेर काढला की वेलांट्या भलतीकडे जातात. त्यामुळे हे वाक्य नुसतं टाइप करून भागत नाही, एक्स्पोर्ट झालेली फाइल उघडून बघावी लागते. व्हिडिओच्या एका प्रसिद्ध टूलचा निकाल याच पायरीवर लागला. त्यात ‘कॉलऱ्या’चं ‘कॉलर्‍या’सारखं काहीतरी झालं आणि अक्षरांच्या मधोमध एक रिकामा चौकोन उमटला.

तिसरा प्रश्न काम बाहेर काढता येण्याचा. टूल उद्या बंद झालं तर मुलांच्या हातात काय उरेल? एमपी४, एमपी३, एचटीएमएल, पीडीएफ यांपैकी काहीही उरलं तरी चालेल. फक्त लिंक उरत असेल तर ते काम आपल्याकडे उधारीवर आहे असं समजायचं.

चौथा प्रश्न असा की मुलं एका तासिकेत टूलला सरावतात का. याचं उत्तर कागदावर मिळत नाही. बाईंनी टूल वर्गातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या दोन मुलींना दिलं आणि स्वतः गप्प बसल्या. मला ही रीत फार आवडली, कारण संगणकात हुशार असलेल्या मुलाला टूल दिलं तर ते सोपंच ठरतं.

चाळणीतून उरलं ते असं: नकाशासाठी स्टोरीमॅप जेएस, आवाजासाठी फोन आणि ऑडॅसिटी, व्हिडिओच्या जुळणीसाठी ओपनशॉट, पर्यायांच्या गोष्टीसाठी ट्वाइन. चौथ्या गटाला चित्रकथा करायची होती. त्यासाठीच्या ऑनलाइन टूल्समध्ये १८५४ च्या लंडनला शोभतील अशी पात्रं नव्हती. जी होती ती सगळी टी-शर्ट घालून हसत होती. गटाने कागदावर चित्रं काढली, फोनने फोटो घेतले आणि पीडीएफ केली. त्यांचं काम सगळ्यात आधी संपलं आणि त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आधी संहिता

पडदा उघडण्यापूर्वी प्रत्येक गटाने संहिता लिहून ती मोठ्याने वाचायची, हा नियम होता. तो नवा नाही. डिजिटल गोष्टींची आजची पद्धत १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आकाराला आली. जो लॅम्बर्ट, डेना ॲचली आणि नीना म्युलन यांनी उभ्या केलेल्या केंद्रात, म्हणजे आजच्या स्टोरीसेंटरमध्ये, माणसं वर्तुळात बसून आधी गोष्ट सांगत आणि मग संगणकाकडे वळत. दृष्टिकोन, उत्कंठेचा प्रश्न, भावना, स्वतःचा आवाज, पार्श्वसंगीत, काटकसर आणि गती हे सात घटक तिथूनच आले. दोन-तीन मिनिटांचा अवधीही तिथलाच.

मात्र ती पद्धत मोठ्या माणसांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगायच्या गोष्टींसाठी घडली होती. ह्यूस्टन विद्यापीठातल्या बर्नार्ड रॉबिन यांनी ती वर्गात आणताना व्यक्तिगत गोष्ट, ऐतिहासिक घटनेची गोष्ट आणि माहिती देणारी गोष्ट असे प्रकार वेगळे केले. हा फरक विसरला की घोळ होतो. स्वतःच्या आजोबांबद्दल सांगताना भावना हा पुरावाच असतो. १८५४ मध्ये मेलेल्या परक्या बाईबद्दल सांगताना तसं चालत नाही. आणि सात घटकांपैकी शाळेत सगळ्यात जास्त नासधूस करतं ते पार्श्वसंगीत, हे माझं ठाम मत आहे.

पहिल्या फेरीच्या संहिता जशा असतात तशाच होत्या. ‘कॉलरा हा एक संसर्गजन्य रोग आहे’ किंवा ‘जॉन स्नो हे एक महान शास्त्रज्ञ होते’. बाईंनी एकही ओळ खोडली नाही. प्रत्येक गटाला एकच काम दिलं: तुमच्या गोष्टीत कोण चुकतंय ते एका वाक्यात लिहा. कुणीच चुकत नसेल तर ती गोष्ट नाही, धडाच आहे.

नकाशाचा गट

स्टोरीमॅप जेएस हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं मोफत टूल आहे. एकेक स्लाइड म्हणजे एकेक ठिकाण. त्याला मजकूर आणि चित्र जोडायचं. पाहणारा पुढे पुढे जातो तसा नकाशा सरकत जातो. करायला गूगल खातं लागतं, पाहायला काहीच लागत नाही. बाईंचं खातं वापरलं आणि मुलांची नावं टोपणनावांनी घातली.

पहिला अडथळा मजेदार होता. मुलांनी ‘ब्रॉड स्ट्रीट’ शोधलं आणि पिन भलत्याच शहरात जाऊन बसली. सोहोमधल्या त्या रस्त्याचं आजचं नाव ब्रॉडविक स्ट्रीट आहे आणि टूलच्या पायाशी आजचा नकाशा असतो. जुन्या नकाशाचं मोठं चित्र पाया म्हणून वापरण्याची सोय त्यात आहे, पण ते चित्र तुकडे करून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावं लागतं. शाळेला ते झेपणारं नव्हतं. मग गटाने पहिल्याच स्लाइडवर सांगून टाकलं की रस्त्यांची नावं बदललेली आहेत.

खरा प्रश्न तिसऱ्या स्लाइडवर आला. तिथे लिहिलं होतं, ‘स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा काढला आणि त्यांना कारण सापडलं.’ हे वाक्य अनेक पुस्तकांतही सापडतं, त्यामुळे मुलांना दोष देता येत नाही. पण ते टूलनेच लिहून घेतल्यासारखं होतं. समोर नकाशा, नकाशावर ठिपके, तर शोधही नकाशानेच लागला असणार. बाईंनी विचारलं, ‘नकाशा कधीचा आहे?’ तो छापला गेला १८५५ मध्ये, स्नो यांच्या पुस्तकाच्या वाढवलेल्या आवृत्तीत. दांडा तर १८५४ च्या सप्टेंबरमध्येच निघाला होता. म्हणजे स्नो आधी पाण्यावर संशय घेऊन माणसांना प्रश्न विचारत फिरले आणि नकाशा नंतर, दुसऱ्यांना पटवायला आला. गटाला नकाशा शेवटच्या स्लाइडवर न्यावा लागला. नकाशाच्या गोष्टीत नकाशा शेवटी, याला मुलं आधी तयार नव्हती. ‘बाई, मग सुरुवातीला दाखवायचं काय?’ त्यांनी दारं दाखवली. एकेका घराचं ठिकाण आणि तिथे विचारलेला प्रश्न.

त्याच टूलने पुढे एक गोष्ट अशी करून दाखवली की ती फळ्यावर जमलीच नसती. बहुतेक स्लाइड्स एकमेकींना खेटून होत्या, क्लिक केलं की नकाशा जेमतेम हलायचा. हॅम्पस्टेडच्या स्लाइडला तो एकदम मागे सरकला, शहर लहान झालं आणि पिन उत्तरेला दूर जाऊन पडली. कुणीतरी मागून म्हणालं, ‘एवढ्या लांब कशी काय गेली ती?’ दुर्गंधीच्या सिद्धांताला अडवणारा नेमका हाच प्रश्न आहे. तो कुणी शिकवला नाही, नकाशाच्या सरकण्यातून तो आला.

आवाजाचा गट

दुसऱ्या गटाने त्या विधवा बाईचीच गोष्ट घेतली. मुलांना ती ‘मी’ म्हणून सांगायची होती. पण जी बाई गोष्टीत मरते तिने गोष्ट कशी सांगायची, आणि तिच्या मनात काय होतं हे आपल्याला कुठे माहीत आहे? बरीच खटपट झाल्यावर एका मुलाने गाडीवाला सुचवला. स्नो यांच्या नोंदीत रोज ब्रॉड स्ट्रीटहून जाणारी गाडी आहे, गाडी हाकणाऱ्या माणसाबद्दल काहीच नाही. निवेदक काल्पनिक आणि घटना नोंदीतल्या, हे पहिल्याच फ्रेममध्ये लिहायचं ठरलं. वर्गात कल्पना वापरायची असेल तर ती अशी उघडपणे वापरावी.

संहितेची सुरुवात आता अशी झाली: ‘त्या बाई ब्रॉड स्ट्रीटवर राहत नव्हत्या. पूर्वी राहायच्या. पण पाणी त्यांना तिथलंच लागायचं. बाटली मी ठेवायचो, मागे, सावलीत.’ ‘महान शास्त्रज्ञ’ ते ‘मागे, सावलीत’ हे अंतर कापायला टूलची काहीच मदत झाली नव्हती. मोठ्याने वाचणं आणि खोडणं एवढ्यावर ते झालं.

मग ओपनशॉट उघडलं आणि गोष्ट ओली व्हायला लागली. चित्रांवर संथ झूम, मागे व्हायोलिन, आणि दुसऱ्या मसुद्यात गाडीवाला रडू लागला: ‘माझ्या हातून पाप घडलं!’ गटाला हा शेवट फार आवडला होता. बाईंनी संगीताचा ट्रॅक बंद केला, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि फक्त आवाज ऐकवला. मग एवढंच विचारलं, ‘त्याला हे कधी कळलं असेल?’ त्या काळात बहुतेक लोक हवेला दोष देत होते. गाडीवाल्याला बाटलीचा संशय येणं कठीणच. त्याला अपराधी वाटतंय ते आपल्याला आज माहीत आहे म्हणून. शेवट बदलला. आता गाडीवाला म्हणतो, ‘हवा तर तिकडे छान होती. मग काय झालं असेल, देव जाणे.’ आणि तिथेच व्हिडिओ संपतो. संगीत निघालं. पाहणाऱ्याला कारण माहीत असतं, सांगणाऱ्याला नसतं, आणि या फटीमुळे ती दोन-अडीच मिनिटं धरून ठेवतात.

चित्रांचा एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. गटाला विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या ऑनलाइन संग्रहात एक जबरदस्त व्यंगचित्र सापडलं: पंपातून पाणी काढणारा सांगाडा आणि भोवती भांडी धरलेली मुलं. जुनं, कॉपीराइट संपलेलं, अगदी साजेसं. फक्त ते १८६६ सालचं आहे. १८५४ मध्ये ‘पाण्यात मरण आहे’ असं चित्र काढण्याइतकं ते समाजाला पटलेलं नव्हतं, हाच तर गोष्टीचा गाभा. गटाने चित्र ठेवलं, पण शेवटच्या श्रेयनामावलीत आणि खाली साल घालून. एका मुलीने एआयकडून ‘१८५४ चं सोहो’ करून आणलं होतं. त्यात रस्त्यावर विजेचे दिवे होते. वर्ग हसला आणि तो विषय तिथेच मिटला.

रेकॉर्डिंगबद्दल थोडंसं. फोन आवाज चांगला पकडतो, खोली तो पकडू देत नाही. संगणक कक्षात पंख्याची घरघर होती. ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभं राहून केलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची घरघर कमी करायची सोय, आहे, पण त्याचा हात सढळ झाला की माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा ऐकू येतो.

पर्यायांचा गट

माझ्या मते या प्रकरणाचा कस इथे लागला.

ट्वाइन हे क्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये केलेलं मुक्त स्रोत टूल आहे. एकेक प्रसंग म्हणजे एक चौकोन. दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की पुढच्या चौकोनाला जोडणारा बाण आपोआप तयार होतो. खातं लागत नाही. पूर्ण झालेली गोष्ट एका एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर येते आणि कुठल्याही फोनवर उघडते. सावध राहायचं एकाच बाबतीत: ब्राउझरमध्ये वापरलं तर गोष्ट त्याच संगणकाच्या त्याच ब्राउझरमध्ये साठते. कक्षातले संगणक रात्रीतून साफ होत असतील तर गोष्टही साफ. म्हणून प्रत्येक तासिकेच्या शेवटी फाइल काढून पेनड्राइव्हवर घ्यायची, ही जबाबदारी एका मुलाकडे होती.

गटाची कल्पना अशी होती की वाचणारा हा मंडळाचा सदस्य आहे. ७ सप्टेंबरची संध्याकाळ. एक डॉक्टर येऊन म्हणतो, पंप बंद करा. तुम्ही काय कराल? दोन बाण. ‘दांडा काढा’वर क्लिक केलं की पुढे ‘साथ थांबली! तुम्ही शेकडो जीव वाचवलेत!’ आणि ‘काढू नका’वर क्लिक केलं की कवट्या.

बाईंनी त्यांना स्नो यांचंच म्हणणं समजावून सांगितलं. दांडा निघेपर्यंत नवे रुग्ण आधीच बरेच कमी झाले होते, पुष्कळ लोक भाग सोडून गेले होते. त्यामुळे पाणी बंद झालं तेव्हा विहिरीत विष जिवंत होतं की नाही हे ठरवता येत नाही, असं त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. गट हिरमुसला. ‘मग बाई, दोन्ही बाणांचं उत्तर सारखंच?’

हा प्रश्न मला अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा वाटतो. पर्यायांचं टूल असं गृहीत धरतं की निर्णय घेतला की परिणाम लगेच समोर येतो. इतिहासात आणि विज्ञानात असं क्वचितच होतं. दांडा काढणं योग्य होतं का? होतं. त्याने ही साथ थांबली का? सांगता येत नाही. या दोन वाक्यांत विरोध नाही, हे तेरा वर्षांच्या मुलाला पटवणं अवघड आहे आणि पाठ्यपुस्तक त्या वाटेला जातच नाही.

गट काही दिवस त्यावर अडून होता. मग त्यांनी निर्णयाची जागाच हलवली. नव्या गोष्टीत ‘दांडा काढा’ हा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी वाचणाऱ्याला ठरवावं लागतं की कुणाकडे जाऊन काय विचारायचं. आश्रयगृहात जाऊन ‘इथे घाण वास येतो का?’ असं विचारलं तर एक उत्तर, ‘पाणी कुठलं पिता?’ असं विचारलं तर दुसरं. बीअरच्या कारखान्यात मालकाशी बोलता येतं. हेन्री व्हाइटहेड हे तरुण धर्मगुरूही भेटतात. स्नो यांचं म्हणणं त्यांना आधी पटलेलं नव्हतं. पुढे त्यांनीच शोधून काढलं की पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरात साथीआधी एक तान्हं बाळ आजारी पडलं होतं आणि त्याचे कपडे धुतलेलं पाणी विहिरीला लागून असलेल्या सांडपाण्याच्या खड्ड्यात जात होतं. खेळात ही वाट फक्त त्यालाच सापडते जो दांडा काढल्यानंतरही प्रश्न विचारणं थांबवत नाही. बहुतेक जण पहिल्या खेपेला तिथे पोचत नाहीत, कारण दांडा निघाला की गोष्ट संपली असं त्यांना वाटतं.

आणि कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटच्या चौकोनात एकच मजकूर येतो: साथ ओसरते, सरकारी आरोग्य मंडळाची चौकशी पाण्याचं कारण मान्य करत नाही. कॉलऱ्याच्या जंतूचं वर्णन फिलिप्पो पाचिनी यांनी इटलीत त्याच १८५४ मध्ये केलं होतं, पण त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. रॉबर्ट कॉख यांच्या कामाने तो जंतू जगापुढे आला तेव्हा स्नो यांना जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. ‘जिंकलात’ किंवा ‘हरलात’ असं कुठेच येत नाही. दुसऱ्या वर्गातल्या मुलांनी तक्रार केली की हा गेम अपूर्ण आहे. गटाने तो तसाच ठेवला.

गुण कसे दिले

दृश्य बदलतानाचे इफेक्ट, फॉन्ट, झूम यांना गुण नव्हते. संहितेला सर्वाधिक, त्यानंतर स्रोतांना: प्रत्येक चित्राचं साल, जागा, परवाना. शिवाय प्रत्येक मुलाची एकट्याची थोडी तोंडी परीक्षा झाली. ती आवश्यक होती, कारण गटकामात टूल हाताळणारा एक मुलगा आणि मागून बघणारे बाकीचे हे चित्र इथेही होतंच. तोंडी परीक्षेत एक प्रश्न सगळ्यांना समान होता: तुमच्या टूलमुळे गोष्टीतलं काय सांगायचं राहून गेलं?

उत्तरं खालीवर होती. काहींनी ‘काही नाही’ म्हणून हात झटकले. नकाशाच्या गटातली एक मुलगी म्हणाली, ‘वेळ. आमच्या नकाशावर सगळे एकाच दिवशी मेल्यासारखे दिसतात.’ स्नो यांच्या मूळ नकाशावर अभ्यासकांनी घेतलेला हा एक खरा आक्षेप आहे. त्यातले काळे पट्टे किती आणि कुठे ते सांगतात, कधी ते सांगत नाहीत.

या सगळ्याला बराच वेळ गेला आणि दुसरा एक धडा बाईंना घाईत उरकावा लागला. दर धड्याला असा प्रकल्प शक्य नाही, करूही नये. पाठांतराने भागणाऱ्या भागांसाठी व्हिडिओ करून घेणं म्हणजे मुलांच्या वेळेचा आणि शाळेच्या विजेचा अपव्यय आहे.

पुढच्या खेपेसाठी बाईंनी दोन बदल ठरवले आहेत. टूल्स दोनच घ्यायची, म्हणजे शिकवण्यात जाणारा वेळ निम्म्यावर येईल. आणि अर्धं काम झालं की गटांनी आपली संहिता दुसऱ्या गटाच्या टूलमध्ये घालून पाहायची. गाडीवाल्याची गोष्ट नकाशात टाकली तर त्याची रोजची वाट दिसेल, त्याचा आवाज जाईल. तो बदल मुलांनी स्वतः पाहावा, मग अंतिम टूल निवडावं. वेळापत्रकात हे कुठे बसवायचं यावर मुख्याध्यापकांशी अजून बोलणं चालू आहे.